चौकशीच्या खिडकीतली कंडक्टरबाई

निता आडे वसमत डेपोत कंडक्टर म्हणून लागली, तेव्हा लखमा नाईक तांड्यावर खाकी घालणारी ती पहिलीच बाई. तांडा शिरड शहापूरच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत माळावर. ड्युटीच्या दिवशी रामप्रसाद, तिचा नवरा, तिला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडायचा आणि येईल त्या पहिल्या गाडीत ती चढायची. गाडी पुरती थांबायच्या आधीच तिचा एक पाय पायरीवर असायचा. उतरतानाही तसंच. नवरा म्हणायचा, हिला पाय नाहीत, स्प्रिंगा आहेत.

दहा-बारा वर्षं तिनं वसमत-हिंगोलीच्या रस्त्यावर काढली. ड्रायव्हर बहुतेक वेळा नरसिंग. तो अबोल माणूस, दिवसभर गाडी हाकून दहा शब्द बोलला तर पुष्कळ. बोलायचं काम निताचं. बायांचं तिकीट अर्धं झाल्यापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, पण कुणाला न दुखवता, कुणाच्या टोपलीला धक्का न लावता ती पुढून मागं आणि मागून पुढं जायची. कुणाची सून बाळंतपणाला चाललीय, कुणाच्या पोरीला सोयरीक आलीय, सगळं तिला माहीत. गाडी हेच तिचं दुसरं घर झालं होतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या घरापेक्षा तिला ते थोडं जास्तच आवडायचं.

त्या वर्षी हळद शिजवायच्या हंगामात ते दुसरं घर सुटलं. निताची सुटी होती. रानात कुकर लागला होता, वाफेचा आणि ओल्या हळदीचा वास माळभर पसरला होता. ट्रॉलीवर उभी राहून ती बायांना टोपल्या भरून देत होती. ट्रॉली रिकामी झाली तशी तिनं, एस.टी.तून मारायची तशीच, खाली उडी मारली. खाली हळकुंडांचा ढीग होता. पायाखाली हळकुंडं घरंगळली, पाय निसटला आणि गुडघा ट्रॉलीच्या लोखंडी कडीवर जाऊन आपटला. आवाज रामप्रसादनं लांबून ऐकला. त्याला वाटलं, टोपली पडली.

गुडघ्याची वाटी फुटली होती. नांदेडला ऑपरेशन झालं, आत तार घातली. उन्हाळा निताचा खाटेवर गेला. लेक पुनम दहावीची परीक्षा देऊन घरीच होती, तिनं चूल सांभाळली. शेवटी डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला, पुन्हा वाकवून पाहिला आणि सांगितलं की कामावर जायला हरकत नाही, पण चालत्या गाडीत उभं राहायचं नाही, पायऱ्यांची चढउतार करायची नाही. निताला ते ऐकून हसावं की रडावं कळेना. चालत्या गाडीत उभं राहायचं नाही तर कंडक्टरनं करायचं काय?

डेपो मॅनेजरनं कागद वाचले आणि तिला हलकं काम दिलं. बसस्थानकावरची चौकशीची खिडकी. तिथं कंट्रोलर उकंडराव एकटेच बसायचे. त्यांचं निवृत्तीचं वर्ष जवळ आलं होतं आणि घसा दिवसभर बोलून बसला होता. त्यांना जोडीला माणूस हवंच होतं.

आषाढात निता पहिल्या दिवशी कामावर निघाली. मोटारसायकलवर पाय दुमडून बसणं जमत नव्हतं. मग रामप्रसादनं वसमतच्या एका वेल्डिंगवाल्याकडून गाडीला पुढं काढून लांब पायदान बसवून घेतलं होतं. त्यावर पाय सरळ ठेवून, नवऱ्याचा खांदा धरून ती वसमतपर्यंत गेली. रस्त्यात एस.टी.नं त्यांना मागं टाकलं तेव्हा तिनं मान दुसरीकडं वळवली.

पहिले दिवस वाईट गेले. खोली लहान, वर एक पंखा, समोर जाळीची खिडकी आणि त्या जाळीला चिकटलेले चेहरे. गाडीत माणूस अर्धा-पाऊण तास सोबत असायचा. इथं तो प्रश्न विचारायचा आणि उत्तर संपायच्या आत पाठ फिरवायचा. बऱ्याच जणांना गाडी उशिरा येतेय याचा राग असायचा आणि तो राग काढायला खिडकीतली बाई बरी सापडायची. माईकवर बोलायचं म्हणजे तर तिच्या अंगावर काटा यायचा. उकंडरावांनी ठरलेली वाक्यं शिकवली होती. प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे, अमुक मार्गे तमुक ठिकाणी जाणारी बस फलाट क्रमांक इतक्यावर उभी आहे. निता ती म्हणायची आणि मध्येच अडखळायची. शाळेत पाहुण्यांसमोर उभं केलेल्या पोरीसारखं तिला वाटायचं. डेपोतल्या एकानं चहाच्या टपरीवर म्हटलं की आडेबाईचं बरंय, सावलीत बसून पगार. ते तिच्या कानावर आलं. त्या दिवशी घरी जाऊन ती जेवली नाही.

मग एका सकाळी हिंगोलीच्या गाडीचा कंडक्टर आला नाही. नरसिंगची गाडी फलाटावर लागलेली, आत माणसं खच्चून भरलेली, बाहेर पावसाची भुरभुर. उकंडराव फोनवर फोन लावत होते. निता उठली आणि म्हणाली, मी जाते, बसूनच तिकिटं फाडते, औंढ्याला दुसरा माणूस द्या. उकंडरावांनी फोन कानावरून न काढताच मान हलवून नाही म्हटलं. डॉक्टरांचा कागद त्यांच्या टेबलात होता. त्यांनी टेबलाकडं नुसतं बोट केलं.

निता ऐकणारी नव्हती. त्यांची पाठ वळली तशी ती मागच्या दारानं बाहेर पडली, लंगडत गाडीपाशी गेली आणि दांडा धरला. चांगला पाय पहिल्या पायरीवर ठेवला, तो ठीक गेला. दुसरा पाय उचलला आणि गुडघा मध्येच अडकला. वर येईना, खाली जाईना. मागून दोघं-तिघं चढायला घाई करत होते, त्यांना काय कल्पना. कुणाची तरी पिशवी तिच्या पाठीला लागली आणि तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. दोन्ही हातांनी दांड्याला लोंबकळत ती तशीच उभी राहिली.

नरसिंग आपल्या दारातून उतरून धावत आला. मागच्या माणसांना हातानं मागं सारून त्यानं तिला काखेत धरलं आणि अलगद खाली उतरवलं. खिडकीपर्यंत सोडायला तो तिच्या चालीनं चालत आला. खुर्चीत बसवल्यावर म्हणाला, "ताई, गाडी कुठं पळून न्हाई चालली. पाय गेला तर मात्र येत न्हाई."

नरसिंगच्या तोंडून एवढं लांब बोलणं तिनं क्वचितच ऐकलं होतं. तिला भयंकर लाज वाटत होती. सगळ्या बसस्थानकानं पाहिलं, असं तिला वाटलं. आता उकंडराव रागावणार म्हणून ती मान खाली घालून बसली. पण उकंडरावांनी फोन ठेवला, माईक तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "कंडक्टर कुरुंद्याहून निघालाय. अर्धा तास लागंल. लोकायला सांगून टाका, ताटकळून राहिलेत बिचारे."

तिनं माईक हातात घेतला. ठरलेलं वाक्य तिला आठवेनाच. समोर जाळीतून नरसिंगची गाडी दिसत होती, खिडक्यांतून वाकलेली तोंडं दिसत होती. आणि मग ती गाडीत उभी राहून बोलायची तसंच बोलली. हिंगोलीच्या गाडीला कंडक्टर यायचाय, अर्धा तास लागणार, उगाच ड्रायव्हरवर चिडू नका. ज्यांना शिरडपर्यंतच जायचंय त्यांनी उतरून पलीकडच्या औंढ्याच्या गाडीत बसा, ती आत्ता सुटते आणि तिच्यात जागाही हाय. लेकरंवाल्या बायांनी तिकडं गेलेलं बरं.

गाडीतून माणसं उतरायला लागली. पिशव्या, गाठोडी, कडेवरची लेकरं घेऊन निम्मी गाडी पलीकडं गेली. निता जाळीतून पाहत राहिली. जागेवरून न उठता तिनं गाडीतली गर्दी हलवली होती. उकंडरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एवढंच म्हणाले की असंच बोलत जा, ठरलेलं वाक्य आपण साहेब आल्यावर म्हणू.

तेव्हापासून खिडकी तिच्या अंगवळणी पडत गेली. कुणी विचारलं, नांदेडची गाडी कधी, तर ती वेळ सांगून थांबायची नाही. दवाखान्यात जायचंय का, मग अमक्या चौकात उतरा म्हणायची. म्हाताऱ्याला सांगायची की मागच्या चाकावर बसू नका, कंबर धरंल. चेहरे पुन्हा ओळखीचे झाले. भाजीवाल्या बाया जाता जाता खिडकीत चार हिरव्या मिरच्या नाहीतर कोथिंबिरीची जुडी ठेवू लागल्या. तरी कधी दुपारी, स्थानक रिकामं झालं की तिला पायाखाली गाडीचा हादरा हवासा वाटायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. नरसिंगला मात्र ते कळलं असावं, कारण हिंगोलीहून परत आला की तो खिडकीशी चहाचा कागदी कप ठेवायचा आणि रस्त्यावरची एखादी बातमी द्यायचा. अमक्या फाट्यावर नवं हॉटेल झालं. तमकीला पोरगी झाली. त्याच्यासारख्या माणसाला एवढं बोलायला कष्ट पडत असणार.

श्रावणातला सोमवार आला. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी वसमतचं बसस्थानक फुलून गेलं होतं. जादा गाड्या सोडल्या होत्या, तरी माणूस मावत नव्हता. निता आणि उकंडराव सकाळपासून आळीपाळीनं बोलत होते. अशात एक पन्नाशीचा माणूस गर्दी फाडत खिडकीशी आला. पांढरा सदरा घामानं भिजलेला, हातात पाण्याची बाटली. त्याचं नाव पेमा. किनवटकडच्या एका तांड्यावरून तो आईला घेऊन बहिणीकडं निघाला होता. गाडी बदलायला इथं उतरले, आईला कट्ट्यावर बसवून तो पाणी आणायला गेला आणि आला तर आई नाही. नाव मिराबाई. डोळ्यांनी कमी दिसतं, तांडा सोडून ती फारशी कुठं गेलेली नाही.

उकंडरावांनी लगेच पुकारलं. मिराबाई नावाच्या वृद्ध महिला जिथे असतील तिथून चौकशी खिडकीजवळ याव्यात. थोडं थांबून पुन्हा पुकारलं. कुणी आलं नाही. पेमाचे ओठ कोरडे पडले होते. हातातली बाटली तशीच भरलेली होती. तो उकंडरावांना अडखळत सांगू लागला की साहेब, तिला हे बोलणं समजत न्हाई. तिला फक्त आमची बोली येते.

निता तोपर्यंत दुसऱ्या एका बाईला परभणीच्या गाडीचं सांगत होती. ते शब्द ऐकून तिनं मान वळवली. आमची बोली म्हणजे बंजाऱ्यांची गोरमाटी, हे पेमाच्या तोंडाकडं पाहूनच तिला कळलं. ती बोली तिच्या घरात रोजची होती. नवऱ्याशी भांडण तिच्यात, लेकीला रागावणं तिच्यात, देवाशी बोलणंही तिच्यातच. पण खाकी चढवली की ती बोली घरी राहायची. लहानपणी शिरडच्या शाळेत तिच्या तोंडून एक शब्द निसटला होता आणि वर्गानं वर्षभर त्याच शब्दानं तिला हाक मारली होती. तेव्हापासून तांड्याबाहेर तिनं जीभ सांभाळली. गाडीत तांड्यावरच्या बाया चढल्या तरी ती त्यांच्याशी हळू आवाजात, कानाशी बोलायची.

आता समोर माईक होता आणि बसस्थानकाच्या चारही कोपऱ्यांना भोंगे. निताचा हात माईकवर गेला आणि तिथंच थांबला. बाहेर परभणीच्या गाडीनं हॉर्न दिला. गाड्या सुटत होत्या. म्हातारी एखाद्या गाडीत चढली असेल तर अजून थोड्या वेळानं ती कुठं जाईल, देव जाणे.

"काका, मी बोलते," ती म्हणाली.

"याडी," तिनं हाक मारली. याडी म्हणजे आई. स्वतःचा आवाज त्या शब्दासकट चारी बाजूंनी परत आला तशी ती दचकली, पण थांबली नाही. गोरमाटीतच पुढं बोलत गेली, आपल्या सासूशी बोलावं तशी, सावकाश. याडी मिरा, घाबरू नको. तुझा पेमा माझ्यापाशी उभा हाय. तू हरवली न्हाईस, आमीच तुला शोधून राहिलो. तू उठू नको, चालू नको, गर्दीत पडशील. गाडीत बसली असशील तर हातातल्या बांगड्यांनी बाजूचा पत्रा वाजव. जोरात वाजव, कुणाची भीड धरू नको.

बसस्थानकावरचा गलका उतरला. माणसं भोंग्याकडं पाहू लागली, हे काय चाललंय म्हणून. निता जाळीला कान लावून उभी राहिली, दुखरा पाय विसरून. आणि फाटकाच्या बाजूनं आवाज आला. ठण, ठण, ठण. परभणीची गाडी फाटकातून निम्मी बाहेर पडली होती. तिच्या मागच्या खिडकीतून चांदीच्या आणि काचेच्या बांगड्यांनी भरलेला एक सुरकुतलेला हात बाहेर आला होता आणि पत्रा बडवत होता.

गाडी थांबली. पेमा धावला. लोकांनीच वाट करून दिली. म्हातारीला त्यानं उचलूनच आणलं. गर्दी चढत होती, तिच्याबरोबर तीही चढली होती. मुलगा आत असेल असं तिला वाटलं होतं. खिडकीशी आल्यावर तिनं जाळीतून आत पाहिलं, पण तिला नीट दिसेना. तिनं हात पुढं केला आणि जाळीवरून निताच्या तोंडाच्या जागेवर बोटं फिरवली. कुणाची गं तू, कुठल्या तांड्याची, असं तिनं विचारलं. नितानं तांड्याचं नाव सांगितलं तेवढंच. म्हातारी पेमाला म्हणाली की वरून आवाज आला तेव्हा मला वाटलं आपली जना बोलतेय. जना तिची बहीण, कधीच वारलेली.

ते गेले आणि रांग पुन्हा सुरू झाली. पुढचा माणूस विचारत होता, औंढ्याची जादा गाडी कधी. निता घाम पुसून त्याला वेळ सांगू लागली. मग उकंडराव म्हणाले, "इतके वर्षं एका डेपोत काढले आपण. ही भाषा तुमाला येते, हे तुमी कधी बोलला न्हाईत. काहून?"

"कुणी विचारलंच न्हाई, काका," निता म्हणाली. ते पुरतं खरं नव्हतं, पण त्या गर्दीत त्याहून लांब उत्तर द्यायला जागा नव्हती.

संध्याकाळी डेपो मॅनेजरनं बोलावलं. आता बोलणी बसणार असं तिला वाटलं, कारण भोंग्यावर कुठल्या भाषेत बोलायचं याचा नियम असेलच. साहेबांनी म्हातारी लेकीकडं पोचली का एवढं विचारलं आणि सांगितलं की सणाच्या, गर्दीच्या दिवशी तुमच्या बोलीतही गाड्या पुकारत जा, त्या बाजूचे लोक पुष्कळ येतात.

त्या रात्री जेवताना तिनं हे रामप्रसादला सांगितलं. त्यानं घास हातात तसाच ठेवला आणि पुनमला म्हणाला, तुझी आई भोंग्यावर गोरमाटी बोलली, ऐकलंस का. पुनमनं ते आधीच ऐकलं होतं. बसस्थानकावरच्या कुणीतरी मोबाइलवर घेतलेला तो तुकडा तांड्यावर निता पोचायच्या आधी पोचला होता.

पुढं पुढं तांड्यांवरची माणसं मुद्दाम चौकशीच्या खिडकीशी यायला लागली. गाडीचं विचारायला यायची आणि घरचं बोलून जायची. बाकीच्यांनाही गंमत वाटायची. परभणीच्या रस्त्यावरची एक कॉलेजची पोरगी रोज एक शब्द विचारून घ्यायची. उकंडराव सकाळी खोलीत शिरताना तिला गोरमाटीत राम राम घालायला शिकले. त्यांचा उच्चार ऐकून निता हसून हसून खुर्चीत वाकायची. टपरीवर सावलीत बसून पगार म्हणणारा तो कंडक्टर एकदा त्याच्या गावच्या बाईचं पाकीट हरवलं म्हणून खिडकीशी आला. नितानं पुकारलं, पाकीट मिळालं. टपरीवरचं ते बोलणं तिनं काढलं नाही.

दिवाळीच्या आधी पुन्हा नांदेडला जाऊन पाय दाखवला. डॉक्टरांनी जितकं जमलं तितकं वाकवलं आणि स्पष्टच सांगितलं. गुडघा आता एवढाच. चालाल, रोजचं काम कराल, दुखणंही कमी होत जाईल. पण कंडक्टरची ड्युटी पुन्हा नाही.

परतीच्या वाटेवर रामप्रसाद तिची समजूत घालायला शब्द जुळवत होता. तिनं त्याला थांबवलं. तिला वाईट वाटतच होतं, ते ती लपवतही नव्हती. पायरीवरचा तो पाय, ती घंटीची दोरी, पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी धावणारी हिरवी हळद, हे सगळं गेलंच होतं. पण आषाढात तिला वाटलं होतं की आपण एका खोलीत बंद झालो, तसं आता वाटत नव्हतं. वसमत दिसायला लागलं तेव्हा तिच्या मनात आलं की उकंडरावांनी आज दिवसभर एकट्यानं पुकारलं असेल, घसा पार बसला असेल. उद्या त्यांना आल्याचा चहा द्यायला हवा.

तिचा चौकशीचा हुकूम कायम झाला. निवृत्तीच्या दिवशी उकंडरावांनी आपली खुर्ची तिला दिली, कारण त्या खुर्चीची पाठ जरा उंच होती. नरसिंगच्या गाडीवर नवी पोरगी कंडक्टर आली. पहिल्या आठवड्यात ती रोज खिडकीशी येऊन विचारायची की गर्दीतून मागं कसं जायचं, अन् निता जाळीआडून हात हलवून दाखवायची, अशी तिरपी, अशी खांद्यानं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या गर्दीत एका संध्याकाळी रांग फाटकापर्यंत गेली होती. निताची ड्युटी संपत आली होती, पण तिच्या जागी बसणारा माणूस यायचा होता म्हणून ती बसूनच होती. जाळीला एक ओळखीचा हात लागला.

"बाई, लखमा नाईक तांड्याला जाणारी गाडी कधी हाय?" रामप्रसादनं विचारलं. रांगेत शिरून तो पुढं आला होता.

निता वर न पाहता म्हणाली, "तिकडं एस.टी. जात न्हाई. आधी मागं जा, रांगेत उभं राहा."

मागचे लोक हसले. रामप्रसाद खरंच मागं जाऊन उभा राहिला. निता पुढच्या बाईला म्हणाली, बोला माय, कुठं जायचंय.